अण्णाच्या खिशातली गोळी

मला झालेला आजार कुठल्या जंतूने झाला नाही. तो तीन गोष्टींनी झाला आणि त्या तिन्ही माझ्या भल्यासाठी होत्या. पहिली डॉक्टरांनी लिहून दिली, दुसरी थोरल्या भावाने लादली, तिसरी किराणा दुकानात सुट्टी मिळत होती. चौथी गोष्ट पाणी. ते मला पिऊ दिलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात एका दैनिकाच्या कचेरीत मी उपसंपादक होतो. वय अठ्ठेचाळीस. आमचा पुरवणी बघणारा सहकारी एका दुपारी टेबलावर डोकं टेकवून बसला. आम्हाला वाटलं, डुलकी लागली. चहा आला, निवला, तरी तो उठला नाही. त्यानंतर मालकांनी सगळ्यांची रक्ततपासणी करवून घेतली.

दोन मिनिटं

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी माझा कागद बघितला.

"कोलेस्टेरॉल बरंच वाढलंय. वडील कशानं गेले?"

"छातीत कळ येऊन. उसाला पाणी पाजताना."

"मग ही गोळी सुरू करा. रोज एक, रात्री. तेल-तूप कमी, व्यायाम वाढवा."

गोळी तेव्हा नवीन होती. कचेरीत ती घेणारा मी पहिलाच. डॉक्टरांनी पोट बिघडलं तर सांगा म्हटलं. अंग दुखलं तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. व्यायाम कोणता, किती, हेही नाही. बाहेर बाकावर पेशंट दाटीवाटीने बसले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. त्याहून जास्त त्यांच्या बाजूने लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तालीम

माझा थोरला भाऊ अण्णा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि साताऱ्यातच, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागला. पेठेतली बंद पडत आलेली तालीम त्याने पुन्हा चालू केली. पेठ त्याला वस्ताद म्हणे. पहाटे पोरांना बैठका, जोर, कुस्ती. मग घरी येऊन दूध आणि पेपर, तोही आमचा नव्हे, आमच्या स्पर्धकांचा.

माझी बायको शालन जेवताना म्हणाली, "डॉक्टरांनी यांना व्यायाम सांगितलाय. गावाबाहेरच्या रस्त्यानं सकाळी फिरून यावं म्हणते."

अण्णाने ताट बाजूला केलं. "फिरणं? ते पेन्शनरांचं काम. डॉक्टर व्यायाम म्हणालाय न्हवं? मग उद्यापास्नं हा माझ्या ताब्यात."

"अण्णा, त्यांना सवय न्हाई."

"सवय कुणाला आईच्या पोटातनं असत्या? बाळ्या, पाचला दारात उभा ऱ्हा. न्हाई दिसलास तर चादरीसकट उचलून नेईन."

आमची पोरं हसली. मी गेलो.

तालमीचे दोन नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि ते मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

पहिला: बैठका मारून मांड्या भरून आल्या, जिना चढवेनासा झाला, की दुसऱ्या दिवशी बैठका वाढवायच्या. भरलेलं अंग बैठकांनीच मोकळं होतं. दुखणं ही तालमीत चांगली बातमी असते. दुखत नाही म्हणणाऱ्याकडे संशयाने बघतात.

दुसरा: व्यायाम चालू असताना पाणी प्यायचं नाही. पाण्याने माणूस सुस्त होतो, पोटात गोळा येतो, दम तुटतो. घाम पुसायचा, तोंडावरून ओला हात फिरवायचा, गिळायचं काही नाही.

विशीतली पोरं या दोन्ही नियमांतून सहीसलामत बाहेर पडत होती. म्हणून नियम बरोबर आहेत असं सगळे धरून चालले होते.

पहिल्या आठवड्यात माझ्या मांड्या, दंड, पाठ, सगळं ठणकायला लागलं. हे ठणकणं माझ्या ओळखीचं नव्हतं. शाळेत असताना मीही तालमीत जात होतो, तेव्हाचं दुखणं दोन दिवसांनी ओसरे. हे ओसरेना. टाइपसेटिंगच्या खोलीत जायला तीन पायऱ्या होत्या, तिथे मी भिंतीला धरून चढू लागलो.

अण्णाला सांगितलं. त्याचा चेहरा खुलला.

"भरल्या? मग बरोबर चाललंय गड्या. गंज निघतोय."

"अण्णा, लय दुखतंय. वेगळंच हाय हे."

"दुखणं दुखणं असतंय, त्यात वेगळं काय? लेखणी धरून धरून तुमची सगळी हाडं मऊ झाल्यात." असं म्हणत त्याने सदऱ्याच्या डाव्या खिशात हात घातला, पाकिटातून एक लाल गोळी फोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही टाक. तासाभरात हरणागत पळशील."

हरणासारखा पळालो नाही, पण तासाभरात दुखणं थांबलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः किराणा दुकानातून तशीच पट्टी घेतली. दुकानदाराने ती साबण आणि काडेपेटीच्या मधून काढून दिली. आमच्या कचेरीत या गोळ्या टाचण्यांच्या डबीत पडलेल्या असत. डोकं दुखलं, दात दुखला, मालक येऊन गेले, की लोक घेत. त्याला कोणी औषध म्हणत नसे. मी सकाळी तालमीआधी एक, कामावर जाताना एक, कधी त्याहून जास्त घेऊ लागलो. रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी चालूच होती. ते औषध होतं, म्हणून ते चुकवत नव्हतो.

शालन म्हणायची, "आवं, भूक लागल्यागत गोळ्या खाताय. त्या डॉक्टरांना एकदा दाखवा तरी."

मी म्हणालो, वेळ नाही. खरोखरच नव्हता. निवडणुकीच्या बातम्या येत होत्या.

किल्ला

उन्हाळ्यात एका रविवारी अण्णाने तालमीतल्या सगळ्यांना किल्ल्यावर पळवत नेलं. साताऱ्यात राहणाऱ्याला अजिंक्यतारा खिडकीतून दिसतो आणि रस्ता पाठ असतो. निघायला उशीर झाला होता, ऊन वर आलं होतं. मी निघताना दोन गोळ्या घेतल्या, त्यामुळे मांड्या गप्प होत्या. वरच्या दरवाजाशी एका पोराने पाण्याची बाटली काढली.

"ठेव ती आत," अण्णा म्हणाला. "खाली उतरल्याबिगर पाणी न्हाई. वस्तादाच्या पोरांना बाटलीचं पाणी लागतं व्हय?"

मी अण्णाकडे पाहिलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, डावा गुडघा फौजेत दुखावलेला, आणि तो सगळ्यांच्या पुढे होता. त्याला कधी काही दुखल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मीही ओठ चाटले आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीचा रंग काकवीसारखा होता. आम्ही मूळचे कडेगावकडचे आणि तिकडच्या माणसाला काकवी सांगावी लागत नाही. इतरांसाठी, गूळ होण्याआधीचा दाट, काळपट तांबडा पाक. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. त्या दिवशी लघवी पुन्हा फारशी झालीच नाही.

"उष्णता हाय," अण्णा म्हणाला. "सब्जा भिजवून दे गं त्याला. उद्या सुट्टी घे तालमीतनं."

"ही उष्णता न्हाई," शालन म्हणाली. तिने भांडं त्याच्यापुढे धरलं. "बघा. नीट बघा, अण्णा. असली उष्णता फौजेत कुणाला झालीती?"

अण्णाने बघितलं आणि जीप सांगायला गेला. एवढं त्याच्या खाती जमा.

"औषध नाही तर काय, चिवडा?"

साताऱ्यातल्या एका दुसऱ्या डॉक्टरने पाच मिनिटांत सांगितलं, इथे थांबू नका, सांगलीला जा. आम्ही जीपने कराडमार्गे सांगली गाठली. अण्णा पुढे बसला होता. मागून मला त्याची मान दिसत होती.

सांगलीच्या हॉस्पिटलात मूत्रपिंडाच्या डॉक्टर एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी मांडी दाबली. मी ओरडलो. त्यांनी माझ्या पोटऱ्या, डोळे, जीभ बघितली.

"कोणकोणती औषधं घेता?"

"कोलेस्टेरॉलची गोळी. एकच."

"आणि त्या लाल?" शालन म्हणाली.

"ते औषध न्हवं गं," अण्णा म्हणाला. "ती अंगदुखीची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "औषध नाही तर काय, चिवडा?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं: किती गोळ्या, किती बैठका, किल्ला, ऊन, पाणी. पाण्याचं ऐकून त्यांनी अण्णाकडे पाहिलं आणि कागदावर त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. ते मला शिवीहून जास्त वाटलं.

त्यांनी मला जे समजावलं ते त्यांच्याच शब्दांत, आठवतं तसं देतो. "कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना काही करत नाही. थोड्यांच्या स्नायूंना ती सोसत नाही. स्नायू दुखायला लागतात. ते दुखणं म्हणजे निरोप होता, थांबा आणि डॉक्टरकडे या. तुम्ही थांबला नाहीत, उलट स्नायू आणखी कामाला लावले आणि निरोप आणणाऱ्याचं तोंड वेदनाशामक गोळीनं बांधलं. स्नायू फुटून त्यांचा रंग रक्तात उतरला. तो गाळायचं काम मूत्रपिंडांचं. त्यांना लागतं पाणी, ते तुम्ही दिलं नाही. वर ती लाल गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच कमी करते."

"मग आता?"

"दोन्ही गोळ्या बंद. सलाइन लावतो. लघवी वाढली तर बरं. नाही वाढली तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल."

"कायमचं?"

"ते आज सांगत नाही," त्या म्हणाल्या.

कॅन

हॉस्पिटलातल्या आयुष्याचं मोजमाप एका प्लास्टिकच्या कॅनने होत होतं. लघवी त्यात साठवायची, सकाळी सिस्टर मोजणार. बाकी सगळं, डॉक्टरांचा आवाज, शालनचा चेहरा, अण्णाचं येणं-न येणं, त्या कॅनच्या पातळीवर ठरे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराची लांबी मोजली. इथे माझी लांबी कोणी दुसरं मोजत होतं आणि ती भरत नव्हती.

शेजारच्या खाटेवर जतकडचे एक मेंढपाळ होते, सगळा वॉर्ड त्यांना मामा म्हणे. त्यांची मूत्रपिंडं आधीच गेली होती, ते मशीनवर येत. बायकोशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत बोलत. सकाळी डोकं वर करून विचारत, "काय पत्रकार, कॅन?"

"कालच्याइतकाच."

"आमच्याकडं टँकरची वाट बघत्यात, तुमी नळाची बघताय. येईल. टँकरबी येतोयच की कवातरी."

त्यांना बोलायला बरं वाटत होतं. मला नाही. तरी सकाळी त्यांनी विचारलं नसतं तर मी दिवसभर अस्वस्थ राहिलो असतो, हेही खरं.

भेटायला येणाऱ्यांविषयी चांगलं लिहिता येत नाही. आजाऱ्याच्या खाटेशी लोक आपापली माहिती रिकामी करायला येतात. एक नातेवाईक म्हणाले, इंग्रजी औषधांचा हाच परिणाम, मी कधीच म्हणालो होतो. ते कधीच काही म्हणाले नव्हते. दुसऱ्याने शहाळी आणली. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असताना शहाळं म्हणजे विष. सिस्टरने ती उचलून बाहेर ठेवली तेव्हा ते गृहस्थ रागावून गेले. कचेरीतून दोघे आले आणि निम्मा वेळ माझं पान आता कोण बघणार यावर बोलले. तिसऱ्या एकाने खाली वाकून हळूच विचारलं, "मांड्या दाबून देऊ का?" मी त्याला घरी जायला सांगितलं.

शालन खाटेखाली चटईवर झोपत होती. अण्णा व्हरांड्यात. दोघांचं बोलणं बंद होतं. एका दुपारी ते सुरू झालं आणि दार उघडं असल्यामुळे सगळ्या वॉर्डाने ऐकलं.

"अण्णा, पाणी का देत न्हवता तुमी?"

"तालमीचा नियम हाय."

"कुणी केला?"

"आमच्या वस्तादानं."

"त्या वस्तादाची किडनी कुणी तपासलीती?"

जतचे मामा तोंडावर टॉवेल घेऊन हसले. मला हसू आलं नाही. मी छताकडे बघत एका प्रश्नाचा विचार करत होतो. तो मला तालमीतच पडायला हवा होता, कारण प्रश्न विचारण्याचाच मला पगार मिळत होता.

अण्णा आत आला तेव्हा विचारला. "ज्याला कधी काही दुखत न्हाई, त्याच्या खिशात दुखण्याची गोळी कशाला?"

"पोरांसाठी ठेवतो."

"पोरांना देताना मी कधी बघितलं न्हाई."

"तू काय काय बघितलंस सगळं माहीत हाय मला," तो म्हणाला. "झोप."

उत्तर टाळणारी माणसं मी पुष्कळ बघितली होती, मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत. ती आधी आवाज वाढवतात. अण्णाने वाढवला नाही. तो खिशावर हात ठेवून बाहेर गेला.

फिकट

मग एका सकाळी शालनने कॅन खिडकीच्या उजेडात धरला. काकवी गेली होती. कोऱ्या चहाचा रंग होता. पुढच्या दिवसांत तो फिकट होत गेला आणि कॅन भरू लागला. सिस्टर कधी बोलत नसे. त्या दिवशी तिने आकडा दोनदा सांगितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मशीन टळलं."

मामांनी विचारलं, "आला टँकर?"

"आला."

"बरं झालं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांच्याकडे येणार नव्हता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. आनंद व्यक्त करायला ती खोली सोयीची नव्हती, आणि मी केला नाही.

घरी आल्यावर मांड्यांत बळ यायला पावसाळा गेला. कोलेस्टेरॉल वाढलेलंच होतं आणि वडिलांची छातीही मी विसरलो नव्हतो. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी, अगदी कमी, रक्त वरचेवर तपासत सुरू केली. मी ती घेतो आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरायला जातो, पेन्शनरांबरोबर. हा मजकूर वाचून कोणी आपली गोळी मनाने बंद करू नये. बंद करण्याने मेलेले लोकही आहेत. ती घेताना अंग विनाकारण दुखलं, लघवीचा रंग बदलला, तर दुखणं दाबू नये. व्यायाम थांबवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. डॉक्टर औषधं विचारतील तेव्हा किराणा दुकानातलीही सांगावीत. मला एवढंच सांगायचं होतं. पण अण्णाचं राहिलं.

डावा खिसा

माझ्या पुढच्या तपासणीला अण्णा सोबत आला. मला एकट्याला बसने पाठवायला शालन तयार नव्हती आणि तिचं बोलणं उडवून लावायला अण्णा आता धजत नव्हता. माझं काम झालं. उठणार तोच डॉक्टरबाईंनी टेबलाखाली पाहिलं.

"तुम्ही मागच्या वेळी कॅनव्हासचे बूट घालून आला होतात ना? आज चपला?"

"पायात बसंना झालेत," अण्णा म्हणाला.

"का?"

"पाय जरा सुजत्यात. उभा ऱ्हातो मी लय. तालीम हाय आमची."

त्यांनी घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. बाईंनी नवा कागद ओढला.

"तुम्ही कोणकोणती औषधं घेता?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"चोवीस वर्षं फौजेत काढली बाई. एक गोळी पोटात न्हाई."

बाई लिहायला लागल्या. मी तिथेच बसलो होतो. गप्प राहणं शक्य होतं. तालमीतली पोरं आणि पेठ त्याला वस्ताद म्हणत राहिली असती, आणि त्याची मूत्रपिंडं माझ्या मार्गाने, पण हळूहळू गेली असती. मामांसारखी. मशीनची खोली त्याच व्हरांड्याच्या टोकाला होती.

"डावा खिसा बघा," मी म्हणालो.

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. आखाड्यात हात मिळवण्याआधी पैलवान बघतात तसं. मी नजर हटवली नाही. मग त्याने खिशात हात घातला आणि लाल गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. निम्मं रिकामं होतं.

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"गुडघा गेल्यापास्नं."

"रोज?"

"रोज." तो माझ्याकडे वळला. "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो.

बाईंनी पाकीट आपल्या खणात टाकलं आणि रक्ततपासणीचा कागद त्याच्या हातात दिला. तपासणीची खोली खाली होती. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर तो थांबला. दोन्ही हातांनी कठडा धरला. पोरांना किल्ल्यावर नेणारा माणूस एक पायरी उतरून दुसरा पाय तिथेच आणत होता, लहान मूल उतरतं तसा. त्या दिवशी सकाळी त्याने गोळी घेतली नसावी, किंवा तिचं बळ संपलं असावं.

"बाळ्या," तो म्हणाला, "लय दुखतंय रं."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याला पायरीवर बसवलं आणि पाणी आणायला गेलो.